विमानाच्या धुरावर कर, भरपाई की कोटा?

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून 2025 मध्ये आधी गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. पुढे पुतणीला कॉलेजच्या वादविवादात विषय मिळाला: विमान वाहतूक उत्सर्जन-व्यापारात (धुराचा कोटा ठरवून त्याचे परवाने घ्यायचे-विकायचे) आणावी का? तिनं विचारलं, "काका, कर लावा म्हणू की कोटा लावा म्हणू?" तिसरी वाट, भरपाईची, तिच्या यादीतच नव्हती आणि भारत निघालाय तो नेमका तिकडेच. तुम्हालाही बाजू निवडायची असेल, तर तिन्ही शेजारी ठेवून बघा.

आधी माप. एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. सोलापूर–मुंबई फेरीत एका प्रवाशाच्या वाट्याला 20 किलो इंधन आलं असं धरलं, तर धूर 63 किलो.

कर समजायला सगळ्यात सोपा. इंधन भरलं, कर भरला. पण 1944 च्या शिकागो करारानुसार विमान परदेशातून टाकीत जे इंधन घेऊन उतरतं, त्यावर उतरलेल्या देशाला कर लावता येत नाही. देशादेशांतल्या हवाई करारांनी ही सूट आणखी रुंद केली आहे. म्हणजे कर लावायला मोकळं रान देशांतर्गत फेऱ्यांचंच. तिथं छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतल्या विमानतळांवर राज्यांनी इंधनावरचा व्हॅट 1 टक्क्यापर्यंत खाली आणायचा, असं ठरलेलं. एका खिशातून सवलत द्यायची आणि दुसऱ्या हातानं कार्बनच्या नावावर ती काढून घ्यायची, हे कुठला अर्थमंत्री करेल? शिवाय करानं भाव ठरतो. धूर किती कमी होईल, ते ठरत नाही.

भरपाईच्या योजनेचं नाव कोर्सिया. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनं ती 2016 मध्ये मंजूर केली. 2024 पासून तिची रेघ 2019 च्या उत्सर्जनाच्या 85 टक्क्यांवर आहे. त्या रेघेवर जेवढा धूर जाईल, तेवढ्याची कार्बन-पत्रं, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी तेवढा धूर वाचवल्याचे दाखले, कंपन्यांनी विकत घ्यायचे. ते कुठल्या तरी जंगलाचे, सुधारित चुलींचे किंवा दुसऱ्या प्रकल्पाचे असतात. भारतावर हे बंधन 2027 पासून. आपल्या भागात सांगायचं तर एकादशी शेजाऱ्यानं करायची, पुण्य आपल्या खात्यावर आणि रेघेखालच्या धुराला तर उपासही नाही. शेजाऱ्यानं खरंच उपास केला का, की तो एरवीही जेवणार नव्हता, हे तपासणं फार अवघड. बाजू एवढीच की सगळ्या देशांना एका ताटावर बसवणारं याखेरीज दुसरं काही अजून जमलेलं नाही. देशांतर्गत फेऱ्या मात्र यात येतच नाहीत, म्हणजे आपल्या मुंबईच्या विमानाला कोर्सिया शून्य.

आता कोटा, म्हणजेच उत्सर्जन-व्यापार. सोलापूरकराला हा समजावून सांगावा लागू नये. 2022-23 च्या हंगामात साखर निर्यातीला मर्यादा होती आणि कारखान्यांना कोटे वाटून दिले होते. उत्तर प्रदेशातल्या कारखान्यांना बंदर लांब. त्यांच्यातल्या अनेकांनी निर्यातीचा कोटा महाराष्ट्रातल्या कारखान्यांना देऊन मोबदला घेतला. ज्याला परवडलं त्यानं निर्यात केली, एकूण आकडा मात्र हलला नाही. साखरेच्या जागी धूर ठेवा. युरोपीय संघानं 2005 मध्ये कारखाने आणि वीज केंद्रांपासून सुरुवात केली, 2012 पासून विमानं आत घेतली. एक परवाना म्हणजे एक टन धूर सोडायची मुभा. टनाला 70 युरो धरले, तर आपल्या 63 किलोचे साधारण साडेचार युरो, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या आसपास. तिकीट मोडणारी रक्कम नाही, पण कंपनीच्या हिशेबात दर फेरीला टोचणारी आहे.

पण घोडं परदेशी विमानांपाशी अडलं. युरोपात येणारं-जाणारं प्रत्येक विमान मोजायचं ठरलं होतं. भारत, चीन, अमेरिका, सगळ्यांनी विरोध केला. भारत सरकारनं तर आपल्या कंपन्यांना माहितीच देऊ नका असं सांगितलं. युरोपनं माघार घेतली आणि हिशेब मुख्यतः आतल्या फेऱ्यांपुरता ठेवला. त्यामुळे फ्रँकफर्ट–पॅरिसला परवाना लागतो, मुंबई–फ्रँकफर्टला नाही. कंपन्यांना बरीच वर्षं बहुतेक परवाने फुकट मिळत होते. तो फुकटा भाग 2024 मध्ये चौथाईनं, 2025 मध्ये निम्म्यानं कमी झाला आणि 2026 पासून संपला. माझ्या मते खरी परीक्षा आत्ता सुरू होते आहे.

पुतणीनं बाजू घेतली ती "कोटा हवा" अशी. मी तिला एका ठिकाणी अडवलं. भारतानं 2023 मध्ये स्वतःची कार्बन-पत्र व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम यांच्याबरोबर कापड उद्योगही आहे, विमानं नाहीत. (आपले बहुतेक यंत्रमाग लहान असल्यानं त्यात येत नाहीत, पण टॉवेलच्या गावाला ही यादी बघून गंमत वाटायला हवी.) त्या योजनेत एकूण धुरावर छत नाही. दर टन मालामागे किती धूर, एवढंच लक्ष्य आहे. विमानं तशीच आत घेतली तर दर प्रवाशामागचा धूर घटेल आणि विमानं दुप्पट झाली तर एकूण धूर वाढेल. तेव्हा "आत घ्या" म्हणताना "कुठल्या छताखाली" हे जोडूनच म्हणायला हवं.

तिच्या विरोधकांकडे एक चांगला मुद्दा आहे: नवी, छोटी फेरी पहिल्याच वर्षी का चेपायची? मला तो पटतो. मुंबई–दिल्लीसारख्या भरलेल्या मार्गांपासून सुरुवात करा, सोलापूरला पाच-सात वर्षं द्या. मात्र इथून मुंबईला 2023 पासून वंदे भारत धावते, रात्रीची सिद्धेश्वर आहेच, तेव्हा आपल्याला दुसरा पर्याय नाही असं स्पर्धेत म्हणू नका. समोरचा वेळापत्रक काढून दाखवेल.