लिंबूटिंबूंचा सिनेमा लावू की मारामारीचा?

धाकट्या भावाचा दर दोन महिन्यांनी ठरलेला फोन येतो. शनिवारी रात्री घरात आठ माणसं, त्यातली तीन शाळेत जाणारी, आई-बाबाही मुक्कामाला. "दादा, हसायचा लावू की मारामारीचा? एकच नाव दे." या वेळी त्याने स्वतःच दोन नावं काढून ठेवली होती, 'कूल रनिंग्ज' आणि 'डाय हार्ड'. दोन्ही मी इतक्यांदा पाहिलेत की उत्तर दोन मिनिटांत द्यायला हवं होतं. अर्धा तास बोललो. बायको म्हणाली, त्यापेक्षा लिहूनच काढ.

गंमत अशी की दोन्हींचं मूळ १९८८ सालात आहे. 'डाय हार्ड' त्याच वर्षी जुलैमध्ये आला. 'कूल रनिंग्ज' आला १९९३ मध्ये, पण गोष्ट आहे फेब्रुवारी १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकची. जिथे बर्फ फक्त सरबतात बघायला मिळतो त्या जमैकाचे चौघे बॉबस्लेड घेऊन उतरतात, म्हणजे बर्फाच्या वळणावळणाच्या घळीतून सुसाट खाली जाणारी घसरगाडी. आणि दोन्हींचे नायक लिंबूटिंबू आहेत. गल्लीतल्या खेळात आईने बजावलं म्हणून घेतलेलं, आउट झालं तरी कुणी मोजत नाही असं धाकटं पोर असतं ना, तसे.

आधी 'कूल रनिंग्ज'. दिग्दर्शक जॉन टर्टलटॉब, लांबी ९८ मिनिटं. हा सिनेमा चालतो तो शर्यतीमुळे नाही, शर्यतीच्या आधीच्या फजितीमुळे. थंडीची सवय व्हावी म्हणून चौघांतला एक, सांका, आइस्क्रीमच्या गाडीच्या फ्रीझरमध्ये जाऊन बसतो. कॅलगरीच्या विमानतळाचं दार उघडलं आणि थंडीचा पहिला झोत अंगावर आला की चौघांचे चेहरे बघावेत. माझा सगळ्यात आवडता प्रसंग मात्र बाथटबचा आहे. हॉटेलच्या रिकाम्या टबात चौघे एकामागे एक दाटीवाटीने बसतात आणि गंभीर चेहऱ्याने डावं वळण, उजवं वळण घेत सराव करतात. आमच्याकडे मुलांनी तो प्रसंग बघून दुसऱ्या दिवशी दिवाणावर उशा रचून तेच केलं, तिसऱ्या वळणाला दिवाणाची पट्टी निखळली. प्रशिक्षक झालेला जॉन कँडी या सगळ्यात जाड, थकलेला आणि थोडा शरमिंदा दिसतो. विनोदी नटाने विनोद न करता उभं राहावं तर असं.

पण एक खटकतं, आणि दर वेळी जास्त खटकतं. खरा संघ असा गबाळा नव्हता. कल्पना मुळात जमैकात राहिलेल्या दोन अमेरिकनांची, तिथल्या हातगाड्यांच्या शर्यती बघून सुचलेली. आणि माणसं निवडली ती बरीचशी सैन्यातून: गाडी हाकणारा डडली स्टोक्स सैन्यात हेलिकॉप्टर वैमानिक होता, डेव्हन हॅरिस लेफ्टनंट. सिनेमाने या शिस्तीच्या लोकांना चाचणीत अडखळून पडलेले धावपटू आणि एक हातगाडीवाला करून टाकलं, कारण सैनिकावर हसायला जड जातं. नाक वर करणारे पूर्व जर्मन खेळाडूही पटकथेची सोय. (शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर पुढची तीन वाक्यं गाळा.) शेवटी गाडी उलटते, हे मात्र खरं आहे. सिनेमात ते ती खांद्यावर उचलून अंतिम रेषा ओलांडतात; कॅलगरीत ते गाडीच्या बाजूने चालत गेले. मला चालत जाणंच जास्त भिडलं असतं, पण खांद्यावरच्या गाडीला आमच्या घरी टाळ्या पडतात, तेव्हा माझं कोण ऐकतो. पुढे १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये जमैकाची चौघांची गाडी १४ वी आली, अमेरिकेच्या पुढे. हे सिनेमात नाही, मुलांना नंतर सांगायला ठेवा.

आता 'डाय हार्ड'. जॉन मॅक्टिअर्नन, १३२ मिनिटं. न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन नाताळच्या संध्याकाळी बायकोच्या लॉस एंजेलिसमधल्या ऑफिसात येतो आणि त्या गगनचुंबी इमारतीवर एक टोळी कब्जा करते. ऐकायला नेहमीचंच. पण त्या काळात मारामारीचा नायक म्हणजे दंडाच्या बेटकुळ्या, आणि इथे घेतला ब्रूस विलिस, जो तोवर टीव्हीवरच्या हलक्याफुलक्या मालिकेमुळे ओळखला जात होता. केसही तेव्हाच विरळ व्हायला लागलेले. समोर अॅलन रिकमन, नाटकातून आलेला, पडद्यावरचा पहिलाच सिनेमा, सूट असा की दरोडा घालायला आलाय की लग्नाला ते कळू नये. इमारत निर्माता कंपनीच्याच मालकीची होती आणि तेव्हा बांधून पुरी व्हायची होती; पडद्यावरचे अर्धवट मजले म्हणूनच खरे वाटतात.

पटकथा कशी बांधतात ते बघायचं असेल तर मॅक्लेनच्या पायांकडे बघा. अगदी सुरुवातीला विमानात शेजारचा प्रवासी त्याला सल्ला देतो: पोहोचलास की बूट-मोजे काढ आणि गालिच्यावर पायाची बोटं मुठीसारखी आवळ, शीण जातो. तो करून बघतो, बरं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच गोळीबाराला सुरुवात. पुढचा सगळा सिनेमा गडी अनवाणी. पहिल्या मेलेल्या गुंडाचे बूट काढून बघतो तर ते लहान पडतात; इथे हमखास हशा. मग खलनायकाच्या लक्षात येतं की याच्या पायात काही नाही, आणि तो माणसावर नाही, काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. त्यानंतर मॅक्लेन बाथरूममध्ये बसून तळव्यातले काचेचे तुकडे उपसतो, हातातल्या वॉकीटॉकीवर खाली रस्त्यावरच्या, कधीही न भेटलेल्या पोलिसाशी बोलत. मारामारीच्या सिनेमात मी इतका गलबललेलो फार कमी वेळा. एक फालतू सल्ला, पण त्यातून विनोदही निघाला आणि वेदनाही.

म्हणून मला विचाराल तर लिंबूटिंबूची गोष्ट म्हणून 'डाय हार्ड'च जास्त प्रामाणिक आहे. 'कूल रनिंग्ज' मधल्यांवर आपण हसतो आणि शेवटी त्याची भरपाई म्हणून टाळ्या वाजवतो. मॅक्लेन स्वतःच स्वतःवर हसतो, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण भावाचा प्रश्न कोणता सरस हा नव्हताच. घरात आठ जण असताना कोणता लावू, हा होता. 'डाय हार्ड' मध्ये रक्त आहे, जवळून झाडलेल्या गोळ्या आहेत, एक जण नाकाने कोकेन ओढतो, आणि शिव्या इतक्या की बाबा रिमोट शोधायला लागतील. अमेरिकेतही तो मोठ्यांसाठीचा म्हणूनच आला. नववी-दहावीच्या खालच्या मुलांना मी दाखवणार नाही. शिवाय त्याला सलग बसणारं माणूस लागतं: कोण कुठल्या मजल्यावर आहे, जिना कुठे, लिफ्ट कुठे, यावरच सगळी गंमत आहे. मध्येच उठून पोळ्या लाटून आलं की धागा गेला. 'कूल रनिंग्ज' मधून पंधरा मिनिटं उठून जा, भाजीला फोडणी घालून या, काही बिघडत नाही. हा त्याचा दोषही आहे आणि शनिवारी रात्री सोयही.

आणखी काही पर्याय भावाने विचारले, ते झटपट. 'एडी द ईगल' (२०१६) त्याच कॅलगरीतला, स्की जंपिंगच्या दोन्ही प्रकारांत शेवटच्या आलेल्या ब्रिटिश एडीचा. ह्यू जॅकमनचा प्रशिक्षक काल्पनिक, बाकी गोड, पण 'कूल रनिंग्ज' पाहिल्यावर लगेच नको, चव तीच लागते. 'डॉजबॉल' मित्रांसोबत बघा, आई-बाबांसोबत चुकूनही नको. 'स्पीड' (१९९४) दिग्दर्शित केला 'डाय हार्ड'च्या कॅमेरामनने, यान दे बाँटने. ताशी ५० मैलांच्या खाली आली की फुटणारी बस, गोष्ट एका ओळीत समजते आणि मोठ्या मुलांना चालतो. हसणं आणि हाणामारी एकाच ताटात हवं असेल तर स्टीफन चाऊचा 'कुंग फू हसल' (२००४), पण त्यात मधूनच अंगावर काटा आणणारी हिंसा येते, आधी एकट्याने बघून ठेवा.

भावाला सांगितलं ते असं. साडेआठला, जेवणं उरकत उरकत 'कूल रनिंग्ज' लाव. जमैकन उच्चार आईला कळणार नाहीत, सबटायटल आधीच चालू कर, नाहीतर दर मिनिटाला "काय म्हणाला रे तो?" होणार. सव्वादहापर्यंत मुलं आडवी होतील. मग आतल्या खोलीचं दार ओढून घे, आवाज बेताचा ठेव आणि आपण दोघं 'डाय हार्ड' बघू. मी येतोय. आणि तुझाही दिवाण तेवढा भिंतीला टेकवून ठेव.