ताईंची बालवाडी, औसा रोड, लातूर. 4 स्टार, पाचवा का कापला ते शेवटी सांगतो

नाव मुद्दाम टाकत नाही. ताईच म्हणल्या, भाऊ 18 लेकरांची जागा आहे, 18 भरलेत, उगं लोकं यायचे आणि मला नाही म्हणायचं जीवावर येतं. पण ज्याला गरज आहे त्यानं औसा रोडला विचारत विचारत यावं, बोर्ड नाही, दारात लहान चपलांची रांग दिसली की तेच.

माझी लेक 6 वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच वाढ आणि शिकणं जरा सावकाश. धाकटा 4 चा, त्याला काही नाही, तोंड बंद राहत नाही एवढंच. दोघं जूनपासून एकाच खोलीत बसतात आणि मला सगळ्यात जास्त ह्याचंच बरं वाटतं, कारण त्याच्या आधी एका नावाजलेल्या इंग्लिश मीडियमला गेलो होतो, मॅडम लई गोड बोलल्या, पाणी दिलं, आणि म्हणल्या अशा मुलांसाठी आमच्याकडं स्टाफ नाही, धाकट्याचं मात्र ॲडमिशन आजच करून टाका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत आणि मान्यता असलेल्या शाळेला असं नाही म्हणता येत नाही हे तेव्हा कुठं माहीत होतं. माहीत असतं तरी भांडून बसवलेलं लेकरू तिथं सुखानं बसलं असतं का, जाऊ द्या.

आता बालवाडीचं. इथं माँटेसरी पद्धत आहे, म्हणजे लेकरू सामान स्वतः हाताळून शिकतं. पहिल्या दिवशी मला आत येऊ दिलं नाही, खिडकीतून बघा म्हणल्या. लेकीनं दट्ट्यांची पेटी उचलली, म्हणजे लांब लाकडी ठोकळा, त्यात 10 भोकं, प्रत्येक भोकात मापाचा एक दट्ट्या, वर धरायला बटणासारखी मूठ. ती मूठ तीन बोटातच धरावी लागते, तशीच पुढं पेन्सिल धरायची असते. आमच्या लेकीच्या बोटात जोर कमी, डाउनच्या लेकरांचे स्नायू सैल असतात, तिच्याच्यानं एकेक दट्ट्या काढून चटईवर ठेवायलाच किती वेळ गेला. मग भरायला लागली. एक बारका दट्ट्या मोठ्या भोकात टाकला, तो खाली गेला गपकन, तिला वाटलं झालं. शेवटी हातात एक जाड दट्ट्या उरला आणि एक बारकं भोक. बसेना. तिनं दाबला, ठोकला, ताईकडं बघितलं. ताई शेजारीच मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर, गप्प. इकडं खिडकीत माझा हात आपोआप गजाच्या आत गेला होता, बाळा तो नाही तो, असं तोंडात आलं होतं. ताईनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी हात काढला. 11 मिनिटं (मोबाईल बघूनच सांगायलोय) ती तिथंच बसली आणि मग सगळे दट्ट्या परत बाहेर काढले. सगळे! आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी काही पेटी पूर्ण झाली नाही, पण चुकलंस असं तिला कुणी म्हणलं नाही, उरलेल्या भोकानंच सांगितलं.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथं नवीन पोरगं आलं की मी पण असंच करतो, तार हातात देतो, वेढे मोजायला लावतो, चुकला तर टेस्टिंगला मोटरच सांगते. पोटच्या लेकीला मात्र सहा वर्षं मीच भरवत होतो, मीच बूट घालत होतो.

ताईंनी एकदा पालकांच्या मीटिंगला सांगितलं ते डोक्यात बसलंय. ही पद्धत काढणारी माँटेसरी बाई इटलीतली डॉक्टर, आणि तिनं सुरुवात केली ती मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या लेकरांपासून, 1900 च्या आसपास रोममध्ये. ती लेकरं शिकायलेत हे बघून मग 1907 ला गरीब वस्तीतल्या चांगल्या धडधाकट लेकरांना तेच सामान दिलं. म्हणजे आज मोठ्या शहरात जे महागाचं इंटरनॅशनल म्हणून विकतात ते मूळचं आमच्या लेकरांचं आहे, आणि आम्हालाच दारातून परत पाठवतात. नंतर 1939 ला ती भारतात आली, मद्रासला लोकांना शिकवलं. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी आणि कोसबाडला हेच काम गावातल्या, आदिवासी पाड्यातल्या लेकरांसाठी, हाताशी मिळेल त्या सामानावर उभं केलं.

इथं पण तसंच जुगाड आहे. एकावर एक ठेवून मनोरा रचायचे 10 ठोकळे, 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत, गंजगोलाईकडच्या एका सुताराकडून करून घेतलेत. अक्षरं पुठ्ठ्यावर खरखरीत पॉलिश पेपर कापून चिकटवलेली, लेकरू बोट फिरवत फिरवत आवाज काढतं. लेकीला अजून फक्त म आणि न येतात आणि ळ आवडतो, का आवडतो देवाला माहीत. ओतायला शिकायचं तर आधी ज्वारी, एका गडव्यातून दुसऱ्या गडव्यात, सांडली की लहान झाडणीनं स्वतः भरायची. पाणी नंतर, आणि ते पाणी झाडांना. 2016 ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावात पाण्याचा खेळ म्हणल्यावर आमच्या आईचं तोंड वाकडं झालंच होतं.

एक पोरगं आहे, त्याला दिसत नाही. बाकीचे डोळ्याला पट्टी बांधून दट्ट्या लावायचा खेळ खेळतात तेव्हा तो सगळ्यांच्या आधी उरकतो आणि हसतो. धाकटा घरी येऊन तक्रार करतो की तो रोज जिंकतो.

लातूर पॅटर्नचं गाव आहे हे, इथं बालवाडीतल्या लेकराला पण टेस्ट सिरीज लावायला कमी करणार नाहीत. त्यामुळं शेजारी विचारतात, एबीसीडी आली का? नाही आली. पण दिवाळीत लेकीनं माझ्या शर्टाची बटणं लावली, वरचं बटण खालच्या काजात, आणि आरशासमोर उभं राहून परत काढली. दुकानाला जायला उशीर झाला, होऊ दिला.

आता तक्रारी. फी महिना 1,800, फार नाही, पण पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. स्पीच थेरपी इथं नाही, त्याच्यासाठी वेगळं जावं लागतं, बालवाडीत जाऊन बोलायला लागेल असं समजून कुणी येऊ नका. रिक्षाची सोय नाही. 9:30 नंतर आलं तर दार बंद, आत काम चालू असतं म्हणून, हे मला पटलं पण पावसाळ्यात दोनदा लेकीला घेऊन परत आलोय तेव्हा पटलं नव्हतं. आणि मोबाईलवर रोज फोटो पाठवत नाहीत, आमच्या घरच्यांना ह्याचाच जास्त राग.

एक स्टार कापला तो पायऱ्यांचा. दारात तीन पायऱ्या आहेत. सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्यामुळं हालचाल अवघड) एक लेकरू आहे, आत चटईवर बसलं की सगळं स्वतः करतं, आणि दारात मात्र रोज बापाच्या खांद्यावर. घरमालक सिमेंटचं काम करू देईना म्हणून आम्ही तिघा बापांनी पायऱ्यांवर उतारासारखी प्लायची फळी टाकली, पहिल्याच पावसात फुगली. आता चेकर्ड प्लेट, म्हणजे पाय न घसरणारा लोखंडी पत्रा, बघून ठेवलीय, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, रविवारी बसवणार. बसली की स्टार परत देतो.