ब्रेकचा कॅलिपर जाम : सर्व्हिस, सील किट की नवा कॅलिपर?

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेकांची गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी असते आणि मालक लोकलने कामावर जातो. खाडीकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसलेली अशी गाडी शनिवारी बाहेर काढली की एखादे चाक जड फिरते, थोड्या अंतराने त्याच्यापाशी जळका वास येऊ लागतो आणि गॅरेजमध्ये उत्तर मिळते : ‘कॅलिपर जाम आहे, बदलावा लागेल.’ कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅडमध्ये दाबून धरणारा भाग. हे उत्तर खरेही असू शकते. परंतु ‘जाम’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे बिघाड येतात, आणि त्यांतला नेमका कोणता आहे हे ठरल्याशिवाय खर्चाची तुलना करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्ककडे ओढतो. पिना गंजल्या की हे सरकणे थांबते. मग बहुधा आतला पॅड लवकर संपतो आणि बाहेरचा जवळजवळ तसाच राहतो. पिस्टन अडकला तर ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. तिसरा बिघाड मुळात कॅलिपरचा नसतोच : चाकाकडे जाणारा रबरी ब्रेक पाइप आतून फुगून अरुंद होतो, त्यामुळे पायाच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे जाते, पण सहज परत येत नाही.

दोष कॅलिपरचा आहे की अडकलेल्या दाबाचा हे ओळखण्याची एक चाचणी आहे, आणि ती झाल्याशिवाय नव्या कॅलिपरची ऑर्डर देऊ नये असे माझे ठाम मत आहे. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर पक्की ठेवावी आणि चाक पकडलेले असतानाच कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकून राहिला होता. अशा वेळी पाइप तपासावा, आणि दोन्ही पुढची चाके पकडत असतील तर पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर दोष पिनांत किंवा पिस्टनमध्ये आहे. रस्त्यावरही काही खुणा मिळतात. पाम बीच मार्गासारख्या सरळ रस्त्यावर ब्रेक न लावता गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुधा त्याच बाजूचे चाक पकडलेले असते. फक्त ब्रेक लावल्यावर ओढत असेल, तर विरुद्ध बाजूचा कॅलिपर काम करत नसण्याची शक्यता अधिक.

पिनांचाच दोष असेल तर सर्व्हिस पुरेशी आहे आणि तीच सर्वांत स्वस्त. पिना काढून स्वच्छ कराव्यात, त्यांच्यावरची फाटलेली रबरी आवरणे, म्हणजे बूट, बदलावेत आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस लावल्यास रबर फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. माझ्या गाडीचे आतले पॅड एका गॅरेजने दोनदा बदलले, पण पिनांकडे कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्या ठिकाणी पिना साफ झाल्या आणि त्या बाजूची झीज सारखी होऊ लागली.

पिस्टन अडकला असेल तर खरा निर्णय सील किट (नव्या रबरी सीलचा संच) आणि नवा कॅलिपर यांत घ्यायचा असतो, आणि तो किमतीवर नव्हे, तर पिस्टनच्या पृष्ठभागावर ठरतो. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे सील दाब आला की किंचित वाकते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला मागे ओढते. म्हणून सील जिथे टेकते तो भाग गुळगुळीतच असला पाहिजे. पिस्टन स्वच्छ असून केवळ सील कडक झाले असेल, तर किट घालणे पूर्णपणे योग्य आहे. धूळरोधक बूट फाटून पाणी शिरले असेल आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसत असतील, तर किटचे पैसे वाया जातात. पॉलिश पेपरने घासून तोच पिस्टन बसवण्याचा सल्ला मिळाला तर नकार द्यावा. हँडब्रेक ज्याच्यातून चालतो अशा मागच्या कॅलिपरबाबत मी नव्याकडेच झुकतो, कारण अनेक रचनांत त्याचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो आणि शिकंजाने दाबल्यास आतील यंत्रणा बिघडते.

नव्या कॅलिपरची किंमत जास्त, पण सील, पिस्टन आणि बूट सगळेच नवे मिळते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. डाव्या-उजव्या बाजूची अदलाबदल झालेली नाही हे पाहावे : निपल वरच्या टोकाला असावा, अन्यथा हवा आत अडकते. पाइपच्या जोडाचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. भंगारातला जुना कॅलिपर हा पर्याय मी विचारातच घेत नाही, कारण त्याचा पिस्टन आतून कसा आहे हे खोलल्याशिवाय कळत नाही.

तिन्ही वाटांत ब्रेक ऑइलचे वय तपासावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. गायमुखच्या उतारावर पकडलेल्या ब्रेकने तापलेले जुने ऑइल उकळले, तर पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. काम संपल्यावर चाक जॅकवर असतानाच पेडल काही वेळा दाबून सोडावे आणि चाक हाताने मोकळे फिरते का ते स्वतः पाहावे.