मॅरेथॉनच्या फोटोंची सेवा : फाइल आपली, हक्क कंपनीचे

मॅरेथॉनच्या नोंदणीबरोबर टी-शर्ट आणि मेडल यांच्या जोडीला आता फोटोंचा संचही विकला जातो. पुणे जिल्ह्यातील एका अर्धमॅरेथॉनच्या वेळी मी असा 799 रुपयांचा संच घेतला. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी मला खटकल्या त्या एकट्या या कंपनीच्या आहेत असे मला वाटत नाही.

फोटोंच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. छायाचित्रकार चढाच्या वळणावर गुडघा टेकून बसले होते, ऊन बाजूने येत होते आणि त्यामुळे टोपी घातलेल्या धावपटूंचे चेहरेही काळवंडलेले नाहीत. एका फोटोत माझे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले आहेत, बिबवरचा (छातीवर लावलेल्या पट्टीवरचा) क्रमांक स्वच्छ वाचता येतो आणि गळ्याशी वाळलेल्या घामाची पांढरी रेघसुद्धा दिसते. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत हे सापडत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सर्व फोटो वॉटरमार्कशिवाय (फोटोवर छापलेल्या कंपनीच्या खुणेशिवाय) उतरवून घेता आले.

माझा आक्षेप खरेदीच्या पानाला आहे. तेथे ‘तुमचे फोटो’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि पैसे भरणाऱ्याची साहजिकच समजूत होते की फोटो आपल्या मालकीचे झाले. अटींच्या पानाच्या तळाशी मात्र कॉपीराइट कंपनीकडे राहील आणि खरेदीदाराला केवळ वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापराची परवानगी असेल, असे कलम आहे. हे कलम बेकायदेशीर नाही; ते लपवल्यासारखे ठेवणे मात्र अनुचित आहे.

भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, आणि सर्वसाधारणपणे पहिली मालकीही तिचीच. फोटोत चेहरा कोणाचा आहे, घाम कोणी गाळला, यावर कॉपीराइट ठरत नाही. मात्र कलम 17 मध्ये महत्त्वाचे अपवाद आहेत. कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी मोबदला देणाऱ्याकडे जाते. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंबाबतही उलट करार नसल्यास ती नोकरी देणाऱ्याकडे जाते. म्हणून दिवसाच्या मानधनावर बोलावलेला छायाचित्रकार लेखी काही ठरवून घेत नसेल, तर त्याचे फोटो पहिल्या क्षणापासून कंपनीचे ठरू शकतात.

येथे एक मुद्दा धावपटूंनी लक्षात घ्यावा असा आहे. शर्यत झाल्यानंतर तयार फोटो विकत घेणारा आणि नोंदणीच्या वेळीच फोटोंचे पैसे भरणारा, या दोघांची स्थिती सारखी नाही. दुसऱ्याने मोबदला आधी दिलेला आहे आणि त्याचे फोटो काढणे हे त्या व्यवहाराचाच भाग आहे, त्यामुळे कलम 17 चा आधार घेऊन तो मालकीचा युक्तिवाद तरी करू शकेल. कंपनीचे ते तळातले कलम नेमके हाच युक्तिवाद बंद करते. नोंदणीच्या वेळी आपण ज्या चौकोनात खूण करतो, ती खूण म्हणजे कायद्याच्या भाषेतील ‘उलट करार’ असतो.

आयोजकांचे काय? स्पर्धा भरवली एवढ्यावरून तिच्या फोटोंचा कॉपीराइट आयोजकांना आपोआप मिळत नाही. त्यांची सत्ता चालते ती प्रवेशाच्या अटींतून. नोव्हेंबर 2012 मध्ये इंग्लंडचा संघ भारत दौऱ्यावर असताना भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने गेटी इमेजेससारख्या छायाचित्र संस्थांना मैदानात प्रवेश नाकारला आणि त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एएफपी, एपी या वृत्तसंस्थांनीही कसोटी सामन्यांचे छायाचित्रण थांबवले. मैदानाला दरवाजा असतो म्हणून हे शक्य झाले. मॅरेथॉन सार्वजनिक रस्त्यावरून जाते. पदपथावर उभ्या असलेल्या भावाने काढलेला आपला फोटो त्या भावाच्या मालकीचा असतो, आणि अधिकृत फोटो कंपनी नेमली आहे म्हणून त्यावर कंपनीचा हक्क पोहोचत नाही.

आमच्या धावपटू गटाच्या स्मरणिकेत संचातील दोन फोटो छापायचे होते. स्मरणिकेत जाहिराती असतात, म्हणून तो वैयक्तिक वापर ठरेल का, अशी विचारणा मी ईमेलने केली. उत्तर वेळेत आले आणि सभ्य होते: कंपनीच्या नावासह छापण्यास विनामूल्य परवानगी आहे, मात्र जाहिरातदाराच्या बोधचिन्हाशेजारी फोटो लावू नयेत. परवानगी लेखी मिळाली, याचे श्रेय सेवेला दिलेच पाहिजे.

त्याच पत्रात मी छायाचित्रकाराचे नावही विचारले होते. ते मात्र कंपनीने दिले नाही. फाइलची माहिती उघडून पाहिली तर कॉपीराइटच्या रकान्यात कंपनीचे नाव होते आणि छायाचित्रकाराचा रकाना रिकामा. कलम 57 प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘ही माझी कृती आहे’ असे सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोच्या कॉपीराइटची मुदत कर्त्याचे आयुष्य आणि त्यापुढे 60 वर्षे अशी झाली आहे, त्यामुळे कर्ता कोण याची नोंद असणे व्यवहारासाठीही गरजेचे आहे. पहाटेपासून रस्त्यावर बसून हजारो अनोळखी माणसांचे चेहरे टिपणाऱ्याला एक रकानाही न देणे मला या संपूर्ण सेवेतील सर्वांत लागलेली गोष्ट वाटते.

दुसरी गंभीर बाब चेहऱ्यावरून शोध घेण्याची. सेल्फी चढवला की आपले फोटो क्षणात समोर येतात, हे खरेच सोयीचे आहे. पण त्यासाठी गर्दीतील सर्वांचे चेहरे यंत्राने तपासलेले असतात, त्यांत गंमत म्हणून धावलेली लहान मुलेही आली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये संमती विशिष्ट हेतूपुरती आणि माहितीपूर्ण असावी, ती दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, असे म्हटले आहे. या सेवेच्या पानावर सेल्फी किती काळ ठेवला जातो आणि तो कसा काढून टाकायचा, याविषयी एक ओळही नाही.

चांगल्या फोटोंसाठी 799 रुपये मला जास्त वाटत नाहीत आणि घरी फ्रेम करून लावण्यासाठी किंवा नातेवाइकांना पाठवण्यासाठी हा संच मी जरूर सुचवेन. मात्र ज्यांना आपल्या प्रशिक्षणवर्गाच्या जाहिरातीत, फ्लेक्सवर किंवा प्रायोजकाच्या पोस्टमध्ये फोटो वापरायचा आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी त्या वापराची परवानगी लेखी मागावी. फोटो शोधताना बिब क्रमांकाचा पर्यायही तेथे उपलब्ध आहे. थोडा वेळ जास्त लागतो, पण सेल्फी द्यावा लागत नाही.