फुप्फुसातल्या घरच्या पेशी आणि बाहेरून धावून येणाऱ्या

कोविडमध्ये एकाला नुसता खोकला, दुसऱ्याला थेट व्हेंटिलेटर. हा फरक ठरवण्यात मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा असतो. त्यांतल्या काही फुप्फुसातच राहतात, काही रक्तातून येतात; मग जास्त भरवशाच्या कोणत्या? वायुकोशांत कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज धूळ, जंतू, मेलेल्या पेशी निमूटपणे गिळतात. त्या काढून टाकल्या तर उंदरांना इन्फ्लुएन्झा जास्त भोवतो. माझा कौल त्यांनाच.

रक्तातून येणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही लढतात, हे खरं. पण त्यांच्यापासून बनलेल्या मॅक्रोफेज आयएल-६सारखी दाहक द्रव्यं भरमसाट सोडतात. मग केशवाहिन्या पाझरतात, वायुकोशांत पाणी साचतं, ऑक्सिजन उतरतो. गंभीर रुग्णांत बाहेरून आलेल्या याच मॅक्रोफेज जास्त सापडल्या.

स्टेरॉइड हा दाह दाबतात, पण दाह बळावलेला नसेल तर त्यांचा उपयोग नाही. म्हणूनच डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नका! २०२०च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही.