घर डोळ्यांनी पाहिलं होतं

बर्लिनमध्ये भाड्याने घर घेताना फसलो म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "न बघता पैसे पाठवलेस?" नाही हो, बघून पाठवले. बायको-मुलीला घेऊन गेलो, नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या. न बघता पैसे पाठवू नका हे सगळेच सांगतात, म्हणून हे लिहितोय.

2023 चा ऑक्टोबर. पुण्याहून येऊन महिना झाला होता. कंपनीने दिलेली जागा सहा आठवड्यांपुरती, आणि त्या पत्त्यावर अनमेल्डुंग, म्हणजे पालिकेतली रहिवासी नोंदणी, होणार नव्हती. इथलं सगळं गाडं या एका कागदापाशी अडतं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र न्यायचं, ज्याचं जर्मन नाव उच्चारताना धाप लागते. टॅक्स आयडी मग पोस्टाने घरी येतो. बर्लिनमध्ये बालवाडीला फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो तेवढे द्यायचे, पण त्यासाठी सरकारी गुटशाइन, म्हणजे व्हाउचर, लागतं आणि तिथेही आधी पत्ता विचारतात. चार वर्षांची पोर दिवसभर घरात, बायको तिच्यामागे. चाळीसेक अर्ज केले, तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची.

अशात बर्लिनच्याच मोआबिट भागातली एक जागा मिळाली. काल्टमीटे, म्हणजे हीटिंग वगैरे सोडून भाडं, 1050 युरो. फार स्वस्त असती तर शंका आली असती, पण तसंही नव्हतं. दाखवायला आलेला माणूस म्हणाला, मालक नोकरीसाठी लिथुआनियात, विल्नियसला असतो, मी त्याचा मित्र, किल्ल्या माझ्याकडे. आम्ही आत शिरायच्या आधी त्याने दारात बूट काढले. एवढ्यावरच आम्हाला तो आपला वाटला. हसू नका.

बायकोला मात्र एक गोष्ट दिसली होती. पलंगावर पांढरे टॉवेल गुंडाळून ठेवलेले, त्यावर कागदात बांधलेले दोन छोटे साबण. "हॉटेलात ठेवतात तसं काय ठेवलंय हे?" ती मराठीत पुटपुटली. मी म्हटलं, व्यवस्थित लोक असतील. इथे घरं रिकामी मिळतात, कित्येकदा किचनचा ओटासुद्धा मागचा भाडेकरू उचकटून नेतो. या घरात चमच्यांपासून सगळं होतं. मला ती सोय वाटली. मुलीने तर खिडकीजवळचा कोपरा पकडून "इथे माझा पलंग" जाहीर करून टाकलं.

मालकाच्या पासपोर्टची प्रत आली, करार आला. आमचे पासपोर्ट आणि पगाराच्या स्लिपा आम्ही पाठवल्या. अनामत दोन महिन्यांची 2100 आणि पहिल्या महिन्याचं भाडं हीटिंगसकट 1290, मिळून 3390 युरो. आपले जवळपास तीन लाख. कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क असतो, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. हे मला नंतर कळलं. तसे खरे मालकही एकरकमी मागतात, त्यामुळे तेव्हा माहीत असतं तरी वाचलो असतो असं छातीठोक सांगत नाही. खात्याचा नंबर एलटीने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनियाचा. मालक तिथेच राहतो म्हटल्यावर तेही जुळलं! दोन दिवसांनी एका कॅफेत त्या माणसाने पाकिटातून किल्ली दिली. निळा टॅग लावलेली.

1 नोव्हेंबरला चार बॅगा घेऊन पोचलो. किल्ली लागेना. वर-खाली करतोय तेवढ्यात एक जोडपं बाबागाडी घेऊन जिना चढून आलं. त्यांच्याही हातात निळ्या टॅगची किल्ली. दार आतून उघडलं ते सफाईवाल्या बाईने, हातात चादरींचा गठ्ठा. घर दिवसांवर भाड्याने जातं, तिने सांगितलं. त्या माणसाने ते आमच्यासारख्यांना दाखवण्यापुरतं काही दिवस घेतलं होतं.

मी खाली जाऊन बेलचा बोर्ड पाहिला. इथे बहुतेक फ्लॅटना नंबर नसतात, बेलवर आडनाव असतं. त्या मजल्यावर कुणाचं आडनाव नव्हतंच, एका फर्मचं नाव होतं. घर बघायला आलो तेव्हा तो माणूस स्वतः खाली उभा होता, त्यामुळे बेल दाबायची वेळच आली नव्हती. आता कुणी ओळखीचं घर बघायला निघालं की मी एवढंच सांगतो: आधी बेलवरचं नाव करारातल्या नावाशी ताडून बघ आणि शेजारच्यांची बेल दाबून विचार. जर्मन शेजारी कपाळाला आठ्या घालतील, पण सांगतील.

बँकेने पैसे परत मागवले, खातं रिकामं निघालं. तेव्हा इथे खात्याचं नाव आणि नंबर जुळतो का ते बँका तपासत नव्हत्या. युरो देशांत ती सक्ती 9 ऑक्टोबर 2025 पासून आली. पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला. काही महिन्यांनी सरकारी वकिलांचं पत्र आलं, आरोपी सापडत नाही म्हणून प्रकरण बंद. आईला अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारते, "ते खिडकीवालं घर का सोडलंत रे?"

मार्चमध्ये एका ब्राझिलियन इंजिनिअरचा लिंक्डइनवर मेसेज आला. मोआबिटच्या घराचे मालक तुम्हीच ना, पैसे भरण्याआधी एकदा खात्री करून घेतोय. सोबत त्याला मिळालेली मालकाच्या पासपोर्टची प्रत जोडली होती. फोटो माझा होता.