जुन्या बाजारातला इंडिकेटर: 60 ची स्प्रिंग खरंच 60 ची आहे का?

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून सात हजारांना घेतलेला वाफेच्या इंजिनाचा इंडिकेटर, म्हणजे सिलिंडरातला दाब पेन्सिलीने कागदावर रेखाटणारं उपकरण. लाकडी पेटी, कागद गुंडाळायचा ड्रम, 40 आणि 60 च्या दोन स्प्रिंगा. आकृतीचं क्षेत्रफळ मोजणारा प्लॅनिमीटर नाही, तो वेगळा शोधावा लागतो.

पिस्टन अर्ध्या चौरस इंचाचा. तेल लावून उभा धरला की स्वतःच्या वजनाने अलगद उतरतो, म्हणजे आत ओरखडे नाहीत. ड्रम फिरवणारी दोरी कुजकी होती, ती बदलायचीच. नवी दोरी ताणली जाणारी नको, नाहीतर आकृतीची लांबी प्रत्येक वेगाला वेगळी येते.

खरी गोम स्प्रिंगेत निघाली. 60 ची म्हणजे चौरस इंचाला 60 पौंड दाब आला की पेन्सिल एक इंच चढते; या अर्ध्या चौरस इंचाच्या पिस्टनवर 30 पौंड, म्हणजे 13.6 किलो ठेवले की पेन्सिल 25.4 मिमी चढायला हवी. चढली 26.5. म्हणजे स्प्रिंग 57.5 चीच! गरम झाल्यावर ती आणखी थोडी मऊ पडणार, ते वेगळंच.

याने किती फरक पडतो? 100 पौंड गेज (वातावरणाच्या वरचा दाब, चौरस इंचाला), कट-ऑफ एक तृतीयांश, म्हणजे पिस्टनने धावेचा तिसरा हिस्सा कापला की वाफ बंद. पुस्तकात वातावरणाचा दाब 14.7 दिलेला असतो. पुणे 560 मीटर उंचीवर, इथे 13.7 धरा. निरपेक्ष दाब 113.7, त्याला (1 + ln 3)/3 म्हणजे 0.6995 ने गुणून 79.5, त्यातून 13.7 वजा, सैद्धांतिक सरासरी दाब 65.8. आकृतीचं क्षेत्रफळ 2.55 चौरस इंच, लांबी 3, सरासरी उंची 0.85. स्प्रिंगेवरचा छापील 60 धरला तर 51 पौंड, डायग्राम फॅक्टर (प्रत्यक्ष भागिले सैद्धांतिक सरासरी दाब) 0.775. खरी स्प्रिंग धरली तर 48.9, म्हणजे 0.74. गेजचाच दाब सूत्रात टाकणाऱ्यांचा सैद्धांतिक आकडा तर थेट 70 वर जातो.

राहिलेली तूट कुठे गेली ते आकृतीतच दिसतं. पोर्टात, म्हणजे वाफेच्या अरुंद वाटेत, वाफ चेपल्याने वरची रेषा कट-ऑफकडे उतरते, कोपरे गोल होतात, एक्झॉस्टची रेषा वातावरणाच्या रेषेवर तरंगते. फॅक्टर 0.9 च्या वर आला तर खूश होऊ नका: स्लाइड व्हॉल्व्ह (वाफ आत सोडणारी सरकती झडप) गळत असला की कट-ऑफनंतरही वाफ आत शिरते, विस्ताराची रेषा वर राहते आणि कोळसा वाया जातो.

पेन्सिलीच्या कांडीच्या सांध्यांत ढिलेपणा आहे, खिळी बदलून घ्या. पेन्सिल जोरात दाबली तर विस्ताराची रेषा पायऱ्यापायऱ्यांची येते. सात हजार ठीक, पण वजन ठेवून तपासल्याशिवाय नाही. 40 ची स्प्रिंग जास्त दाबाला लावू नये, ड्रमवरचा कागद संपतो.